२४९ ग्रॅमचा ड्रोन, शेजारची धावपट्टी आणि "चालेल का?"

प्रश्न धुळ्याहून आलाय. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तो आधी थोडक्यात सांगते. मामेभावाने अमेरिकेतून २४९ ग्रॅमचा मिनी ड्रोन आणून दिलाय. शेत धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीपासून मोटारसायकलने सात किलोमीटरवर. प्रवासी विमानं तिथे येत नाहीत, फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं तेवढी फिरतात, आणि रविवारी तीही दिसत नाहीत. ड्रोनचं ॲप अडवत नाही. एक मित्र म्हणतो, अडीचशे ग्रॅमच्या आत काहीच लागत नाही. दुसरा म्हणतो, थेट आत टाकतात. शेताचं आणि बहिणीच्या लग्नाआधीचं थोडं शूटिंग करायचंय. चालेल का?

दोन्ही मित्रांचं म्हणणं अर्धवट आहे. पहिला वजनाचा नियम सांगतोय, दुसरा पोलिसांच्या बंदी आदेशाबद्दल कुठेतरी ऐकलेलं सांगतोय, आणि तुमचा खरा प्रश्न या दोघांच्या मधोमध राहून गेलाय: तुमचं शेत ज्या आकाशाखाली आहे ते आकाश कोणाचं, आणि किती उंचीपर्यंत? मी रिमोट पायलटचं प्रशिक्षण देते आणि एरवी जमीन मोजणीची कामं करते. वर्गात येणारा जवळजवळ प्रत्येक जण वजनापासून सुरुवात करतो. मी त्यांना उलटं लावायला सांगते. आधी जागा, मग उंची, मग वजन आणि हेतू. या क्रमाने गेलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

तरी वजनाचं आधी उरकते, कारण गैरसमज तिथेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल अशी त्यातली वर्गवारी. नॅनोला टाइप सर्टिफिकेट (म्हणजे ड्रोनचं ते मॉडेल तपासून मान्य केल्याचा दाखला) लागत नाही, थर्ड पार्टी विमा लागत नाही, चालवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो असेल आणि वापर व्यावसायिक नसेल, तरीही रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. "काहीच लागत नाही" हे वाक्य इथून निघालं. पण या सगळ्या सवलती यंत्राच्या आणि माणसाच्या कागदपत्रांपुरत्या आहेत, जागेची सवलत त्यात कुठेही नाही. सायकलला लायसन्स लागत नाही म्हणून ती द्रुतगती मार्गावर चालवता येत नाही, तसंच हे.

आणखी एक जुनं पिल्लू अजून फिरतंय: "नॅनो पन्नास फुटांपर्यंत कुठेही." हे १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या आधीच्या नियमावलीतलं. तेव्हाही ही मुभा अनियंत्रित हवाई क्षेत्रातच होती, विमानतळाच्या कुशीत नव्हती. ती नियमावली गेली, तिचे व्हिडिओ मात्र राहिले.

आणि २४९ म्हणजे नक्की २४९ का, तेही बघा. वजन मोजायचं ते उडताना असेल तेवढं, सगळ्या सामानासकट. मिनी मालिकेतल्या काही ड्रोनना जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी मिळते. ती लावली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास जातं. पात्यांभोवतीचे गार्ड बसवले तरी काटा पुढे सरकतो. त्या क्षणी तुमचा ड्रोन मायक्रो झाला. मग टाइप सर्टिफिकेट, विमा हे सगळे विषय दारात उभे राहतात. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा ठेवून बघा. मी वर्गात हे करून दाखवते तेव्हा दोन-चार चेहरे हमखास पडतात.

आता जागा. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये देशाचा ड्रोन नकाशा डिजिटल स्काय या संकेतस्थळावर टाकला. हिरवा, पिवळा, लाल. चालू विमानतळाच्या भोवती त्याचं गणित असं: विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळं, म्हणजे एक फूट उडवायचा तरी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत हिरवं, म्हणजे परवानगीची गरज नाही, त्याच्या वर पिवळं. १२ च्या पुढे, दुसरं काही आड येत नसेल तर, ४०० फुटांपर्यंत म्हणजे १२० मीटरपर्यंत हिरवं. आणि ५ किलोमीटरच्या आत सर्वसाधारणपणे लाल. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही नाही, आणि हौशी माणसाने त्या वाटेला जाऊच नये. पूर्वी पिवळा पट्टा ४५ किलोमीटरपर्यंत होता, तो १२ वर आणला. त्यामुळे उगाच "सरकारने सगळं बंद केलंय" म्हणण्यातही अर्थ नाही.

तुमच्या "सात किलोमीटर"मध्ये दोन गोम आहेत. हे अंतर रस्त्याचं आहे, नियमातलं सरळ रेषेचं. मोटारसायकलचे सात किलोमीटर आकाशातून पाच-साडेपाच भरू शकतात. दुसरं, ते मोजायचं विमानतळाच्या कुंपणापासून. मोबाइलच्या नकाशावरचा लाल टिकला बहुतेक वेळा इमारतीवर किंवा फाटकावर असतो आणि धावपट्टी तिथून दीड-दोन किलोमीटर लांब पसरलेली असते. टिकल्यापासून मोजून "मी बाहेर आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या बाजूचं कुंपण किलोमीटरभर जवळ आलेलं असतं.

शेवटचा शब्द नकाशाचा, माझा नाही. उडवायच्या दिवशी, उडवायच्या आधी तो पाहणं नियमानेच बंधनकारक आहे. पाहायला लॉगिनसुद्धा लागत नाही. छोट्या धावपट्ट्यांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण तिथे नेमकं कोणतं वर्तुळ आखलंय हे अंदाजाने सांगता येत नाही आणि ते बदलतंही. अमरावतीचं बेलोरा विमानतळ बघा, एप्रिल २०२५ मध्ये तिथे प्रवासी सेवा सुरू झाली. नवी मुंबईचं विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालं. उलवे-पनवेलकडे वर्षानुवर्षं मजेत उडवणाऱ्यांच्या डोक्यावरचं आकाश बदललं, खालची जमीन तीच. मोपा विमानतळ सुरू झाल्यावर उत्तर गोव्यात हेच झालं होतं.

ॲप अडवत नाही याला काही किंमत देऊ नका. ड्रोन कंपनीच्या ॲपमधला नकाशा कंपनीचा असतो, आपल्या सरकारचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीने अमेरिकेत विमानतळाभोवती ड्रोन आपोआप अडवणं बंद करून नुसती सूचना दाखवायला सुरुवात केली. चालवणाऱ्याने "समजलं" दाबलं की ड्रोन उडतो. म्हणजे जबाबदारी बोट लावणाऱ्याची.

पिवळ्या पट्ट्यात परवानगी कोणाकडे मागायची, हे विमानतळ कोणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरतं. मुंबईत विमानतळ प्राधिकरण, पुण्यात लोहगावला हवाई दल, नाशिकजवळ ओझरला एचएएल ही सरकारी विमान कंपनी (हिंदुस्तान एरोनॉटिक्स), गोव्यात दाबोळीला नौदल. प्रत्येकाची चाल वेगळी. मोजणीच्या कामासाठी अशी परवानगी काढताना मी अक्षांश-रेखांश, कमाल उंची, तारीख-वेळ, ड्रोनचा क्रमांक आणि तिथे हजर असणाऱ्या माणसाचा फोन हे सगळं एका पानावर देते. "शेतात थोडं उडवायचंय" अशा अर्जाला उत्तर येत नाही. लष्करी तळाच्या शेजारी हौशी शूटिंगसाठी परवानगी मिळेल अशी आशा मी तरी कोणाला लावत नाही. लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना मी सरळ सांगते, गाडी काढा आणि बारा किलोमीटरच्या बाहेर जा.

तर तुमच्या शेतापुरतं: सरळ रेषेचं अंतर कुंपणापासून मोजा, नकाशावर शेताचा नेमका ठिपका लावा. पिवळ्यात असेल तर परवानगीशिवाय नाही, मग ड्रोन २४९ ग्रॅमचा असो की ४९. आठ-बाराच्या हिरव्यात असेल तर ६० मीटरच्या आत उडवा. आता खरी मेख सांगते, कारण ६० मीटर पाळताना लोक इथेच फसतात.

ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची तो जिथून उडाला तिथपासूनची असते. शेत सपाट असेल तर प्रश्न नाही. पण समजा तुम्ही धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या उतारावर उभे राहून उडवला आणि समोर दरीकडे नेला. पडद्यावर ५० दिसतंय, खालची जमीन मात्र आणखी ८० मीटर खाली गेलीय. म्हणजे जमिनीपासून तुम्ही १३० वर आहात, हिरव्या हद्दीच्या बाहेर. (किल्ल्यावरून उडवणं हा आणखी वेगळा विषय, त्यात पुरातत्त्व खातं येतं.)

त्याहून वाईट आहे घरी परतायचं बटण. सिग्नल तुटला की ड्रोन स्वतःहून परत येतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो परत येण्याआधी काय करतो, हे फार थोड्यांना माहीत असतं: झाडं, तारा, टॉवर चुकवण्यासाठी तो आधी ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो. ही उंची बऱ्याच ड्रोनमध्ये कारखान्यातून १०० मीटर ठेवलेली असते. तुम्ही इमानदारीने ४० मीटरवर कापसाचं शूटिंग करताय, मध्ये मोबाइल टॉवर आला, सिग्नल गेला, आणि तुमचा ड्रोन तुम्हाला न विचारता ६० ची मर्यादा ओलांडून १०० वर जाऊन तरंगला. म्हणून विमानतळाच्या जवळपास उडवायचं असेल तर पहिलं काम बॅटरी लावणं नाही. सेटिंगमध्ये जाऊन कमाल उंची ६० च्या खाली बांधा, परतीची उंची भोवतालच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा थोडी वर आणा. शेतात नारळ-नीलगिरी नसेल तर ३०-३५ मीटर पुष्कळ झाले. विजेच्या उच्चदाबाच्या तारा मात्र डोळ्यांनी बघून घ्या, ड्रोनच्या कॅमेऱ्याला त्या दिसतीलच असं नाही.

"पण मी साठवर आणि विमान हजार फुटांवर, मग धोका कुठे?" हा पुढचा प्रश्न येतो. धावपट्टीभोवती शिकाऊ विमानं साधारण हजार फुटांवर चौकोनी फेरी मारतात, हे खरं. शेवटचा टप्पा मात्र उतरणीचा. तीन अंशांच्या उतारावर येणारं विमान दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर खाली येतं. धावपट्टीच्या टोकापासून दोन किलोमीटरवर ते जेमतेम १०५ मीटरवर असतं. चालवणारा नवशिका असेल तर कधी वर, कधी बरंच खाली. या पट्ट्यात "मी तर चारशे फुटांच्या आतच होतो" म्हणण्याला अर्थच उरत नाही, कारण विमानही चारशे फुटांच्या आतच असतं.

शिकाऊ विमानांचं आणखी एक असतं, ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. धावपट्टीपासून दूर, मोकळ्या शेतीच्या भागात, प्रशिक्षक मुद्दाम इंजिनाची ताकद काढून घेतो आणि विद्यार्थ्याला विचारतो, आता कुठल्या शेतात उतरवशील? विद्यार्थी शेत निवडतो, विमान त्या दिशेने खाली आणतो, आणि मग पुन्हा ताकद देऊन वर जातो. म्हणजे "मी तर विमानतळापासून वीस किलोमीटरवर आहे" या माणसाच्या डोक्यावरही अचानक विमान येऊ शकतं. आणि कधी तो सराव नसतो, खरंच असतं. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक शिकाऊ विमान शेतातच कोसळलं होतं. वैमानिक मुलगी वाचली.

विमान तुम्हाला बघून वळेल हे डोक्यातून काढून टाका. उतरणारं छोटं सेसना ताशी १२० किलोमीटरच्या घरात असतं, सेकंदाला ३३ मीटर. तुमचा तळहाताएवढा करडा ड्रोन पाव किलोमीटरवरून दिसला, असं उदारपणे मानलं तरी वैमानिकाच्या हातात सात-साडेसात सेकंद. त्यात तो धावपट्टीकडे बघत असतो. आणि मोठ्या प्रवासी विमानाची समोरची काच अनेक थरांची असते, या छोट्या विमानांची म्हणजे पातळ ॲक्रिलिक.

माझ्या वर्गात मी टोरंटोजवळच्या बटनव्हिल विमानतळाचं प्रकरण हटकून सांगते, कारण त्यात कोणी टवाळ पोरगं नाही. १० ऑगस्ट २०२१. तिथल्या पोलिसांचा ड्रोन कामगिरीवर होता, चालवणारा प्रशिक्षित पोलीस. ड्रोन ४०० फुटांवर एका जागी स्थिर, आणि ती जागा नेमकी उतरणाऱ्या विमानांच्या वाटेवर. विद्यार्थी आणि प्रशिक्षक असलेलं सेसना १७२ उतरत असताना त्याला येऊन धडकलं. आतल्यांना वाटलं पक्षी असेल. विमान जागेवर लावून खाली उतरल्यावर इंजिनाच्या आवरणाला भला मोठा पोचा दिसला. पोलिसाचं लक्ष बाकीच्या कामांत गुंतलं होतं, विमान त्याला वेळेत कळलंच नाही. प्रशिक्षण होतं, खाकीचा अधिकारही होता. फक्त हवाई वाहतूक यंत्रणेला कळवलेलं नव्हतं.

म्हणून शेतात शूटिंग करताना पडद्याकडे बघणारा एक आणि आकाशाकडे बघणारा दुसरा, अशी जोडी लावा. बहिणीला फोटोत यायचंय, मग भाच्याला उभा करा. ड्रोनच्या भुणभुणीत विमानाचा आवाज उशिरा कळतो आणि दिशा तर कळतच नाही. त्यामुळे इंजिनाचा आवाज आला की "कुठून येतंय बघू" करत थांबायचं नाही. ड्रोन आहे तिथेच सरळ खाली आणायचा. परतीचं बटण दाबायचं नाही, कारण तो आधी वर चढेल हे आत्ताच सांगितलं. उसात पडला तर पडू द्या. नियमानुसारही माणूस बसलेल्या विमानाचा हक्क पहिला आणि बाजूला व्हायचं ते ड्रोनने.

आता दुसऱ्या मित्राच्या तुरुंगाबद्दल. ड्रोन नियमांखालचा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. पण पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांचा मनाई आदेश असतो तो वेगळा. मुंबईत असे आदेश वारंवार निघतात. मे २०२५ च्या संघर्षाच्या दिवसांत तर हौशी ड्रोन बंदच होते. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं आणि त्यात कैदेची तरतूद आहे. शिवाय पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. मंत्र्याचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरणार असेल, निवडणुकीची सभा असेल, वारी असेल, तर आधी चौकशी करा. तालुक्याच्या गावात हेलिकॉप्टर कुठूनही आणि फार खालून येतं.

रात्री उडवायचा विचार असेल तर सोडून द्या. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे-नगरच्या ग्रामीण भागात रात्रीच्या ड्रोनवरून लोक किती घाबरले होते आठवतंय ना? चोर टेहळणी करतायत म्हणून गावंच्या गावं जागी होती. तुम्ही दिवसा उडवणार असलात तरी पोलीस पाटलांच्या आणि बांधाला बांध असलेल्यांच्या कानावर घाला.

तुम्ही न विचारलेली पण पुढे येईल अशी गोष्ट: ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सूट आहे ती संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांसारख्या कामांना, मामेभावाच्या भेटीला नाही. ड्रोन त्याआधीचा असेल तर बिल, कस्टमचा कागद जपून ठेवा. नंतरचा असेल तर आकाश हिरवं असूनही कोणी ड्रोन ताब्यात घेऊन विचारलं की "आला कसा?", तेव्हा तुमच्याकडे सांगण्यासारखं उत्तर नसेल. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण शूटिंगच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. लग्नाआधीचं शूटिंग हाच तुमचा हेतू असेल तर भारतात नोंदणी केलेला ड्रोन आणि सर्टिफिकेट असलेला माणूस एका दिवसासाठी भाड्याने घ्या, तोच सोपा मार्ग.

आणि रविवारचं. "रविवारी विमानं नसतात" हे तुम्ही अंगणातून बघून ठरवलंय. पावसाळ्यात बुडालेले तास भरून काढायला फ्लाइंग क्लब सुटीच्या दिवशीही उडतात. क्लबच्या कार्यालयात जाऊन भेटा. त्यांचा सरावाचा भाग कुठल्या बाजूला आहे, त्या दिवशी उड्डाणं किती वाजेपर्यंत आहेत हे विचारा, तुमच्या शेताचा ठिपका दाखवा, फोन नंबर देऊन या. त्यांनी तोंडी "हो" म्हटलं म्हणजे पिवळ्या पट्ट्यातली परवानगी मिळाली असं होत नाही, ती वेगळी काढावीच लागते. पण ज्यांची पोरं त्या विमानात बसलेली असतात ती माणसं असं कोणी आधी येऊन विचारलं की सहसा चहा पाजूनच पाठवतात. तुमचा ठिपका नक्की कुठे पडतो ते मोजून इथेच लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.